आधी अंदाज, मग माप, मग सूत्र

मुलांनो, भौतिकशास्त्राचं पुस्तक हातात आलं की पोटात गोळा येतो तो सूत्रांमुळे. नववीला गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत, ध्वनी. दहावीला गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचं अपवर्तन, भिंगं. अकरावी-बारावीला यातलंच बरंचसं जास्त गणित घेऊन पुन्हा समोर येतं. आम्हाला आमच्या गुरुजींनी एक कानमंत्र दिला होता आणि वर्गात उभा राहिल्यापासून मीही तोच देत आलो: आधी अंदाज बांधा, मग मोजा, सूत्र सगळ्यात शेवटी. जो प्रश्न पडलाच नाही, त्याचं उत्तर पाठ करून ते डोक्यात राहत नाही.

त्यातून आपण चिंचणीचे. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला तारापूर आणि त्याच्या पुढे अणुवीज केंद्र, उत्तरेला डहाणूचं औष्णिक केंद्र, पूर्वेला वाणगावची रेल्वे, आणि २०१८ पासून अधूनमधून हादरणारी डहाणू-तलासरीची जमीन. पुस्तकातला जवळपास प्रत्येक धडा आपल्या आजूबाजूला चालू असतो. तो कसा वाचायचा, एवढंच सांगतो.

१. एककाशिवाय आकडा बोलू नका

वेग ‘३०’ असं कधीच लिहायचं नाही. ३० कशाचे? ताशी किलोमीटर म्हणजे रिक्षा झाली, सेकंदाला मीटर म्हणजे एक्सप्रेस गाडी झाली. एवढं एकच लक्षात ठेवा: ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. मग ७२ म्हणजे २० आणि १०८ म्हणजे ३०, हे आपोआप येतं.

वाणगाव स्टेशनावर न थांबणारी गाडी येताना दिसली की पिवळ्या पट्ट्याच्या चांगलं मागे उभे राहा. इंजिन समोर आलं की सेकंद मोजायला लागा, शेवटचा डबा गेला की थांबा. डबे मोजायचं काम मित्राला द्या. एक डबा साधारण २४ मीटरचा. २२ डबे आणि इंजिन मिळून ५५० मीटरच्या आसपास. २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला २७.५ मीटर, म्हणजे ताशी ९९ किलोमीटर. मोजण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा. पहिल्या वेळी अंदाज खूप चुकतात, मग जवळ यायला लागतात. परीक्षेत उत्तर भलतंच आलं, तर पेन खाली ठेवण्याआधीच ते खटकतं ते याच सवयीमुळे.

गाडी जाताना कानही उघडे ठेवा. भोंगा वाजवत गाडी जवळ येते तेव्हा आवाज चढा असतो, पुढून निघून गेली की उतरतो. भोंगा तोच, पण येताना ध्वनीच्या लहरी दाटीने कानावर येतात आणि जाताना लांब-लांब पडतात. पुढच्या इयत्तांत हा डॉप्लर परिणाम सूत्रासकट येईल, तेव्हा तो तुमच्या कानाने आधीच ऐकलेला असावा.

२. भरतीचं गणित पंचांगावरून करा

गुरुत्वाकर्षण शिकताना सगळे झाडावरच्या सफरचंदापाशी थांबतात. आपण खाडीवर जायचं.

कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या एक हिशेब चालत आला आहे: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, आली ती पूर्ण भरतीची वेळ. आज षष्ठी आहे? सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. दशमी असेल तर साडेसात. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मासळीला जाणाऱ्या घरातल्या पोरांना हे तोंडपाठ असतं. त्यांनी शेजारच्या बाकावरच्याला शिकवावं.

आता यामागचं कारण. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. महिन्यात ३० तिथ्या आणि तेवढ्यात भरतीची वेळ पूर्ण २४ तास फिरून येते. २४ तासांची १,४४० मिनिटं भागिले ३०, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. जुन्या हिशेबात मात्र पाऊण तास, ४५ मिनिटं धरली आहेत, कारण तोंडी हिशेबाला पाऊणकी सोपी. दर तिथीला ३ मिनिटांचा फरक राहतो. पंधराव्या तिथीला तो ४५ मिनिटांचा होतो: पौर्णिमेला जुना हिशेब सव्वाअकरा सांगतो, तर ४८ मिनिटांचा हिशेब बारा. म्हणून प्रत्येक पंधरवड्याच्या सुरुवातीच्या तिथींना पाऊणकी चालते, पुढे चार पंचमांशाने गुणा. शिवाय प्रत्येक किनाऱ्याची वेळ थोडी मागेपुढे असते. एक पंधरवडाभर पाणी पूर्ण चढल्याची वेळ वहीत टिपा, हिशेबाच्या वेळेशी ताडा, म्हणजे आपल्या खाडीसाठी किती मिनिटं मिळवायची ते निघेल. प्रयोगवहीत ज्याला आपण दुरुस्ती म्हणतो, ती हीच.

दिवसातून भरती दोनदा का येते, हे विचारल्यावर बरीच मुलं ‘चंद्र पाणी ओढतो’ म्हणून मोकळी होतात. मग पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला पाणी का चढतं? चंद्राकडच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढलं जातं आणि पलीकडच्या बाजूचं मध्यापेक्षा कमी. दोन्हीकडे फरक पडतो, म्हणून दोन्हीकडे फुगवटा. भरती येते ती ओढीतल्या या फरकामुळे.

हे पटलं की पुढचं कोडं सुटतं. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो, तरी भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी असतो. कारण ओढ अंतराच्या वर्गाने घटते, पण ओढीतला फरक अंतराच्या घनाने घटतो, आणि सूर्य चंद्राच्या जवळजवळ ३९० पट लांब आहे. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे परिणाम एका रेषेत येतात आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती. आपल्या उत्तरेला खंबातचं आखात निमुळतं होत जातं, पाण्याला पसरायला जागा उरत नाही, म्हणून भावनगरला उधाणाचा चढउतार १० मीटरच्या घरात जातो. वर्गाचा आणि घनाचा फरक वहीत नीट कळला नसेल, तर तो इथे कळेल.

३. वाळूवर अनवाणी चाला, मग उष्णतेचा धडा उघडा

मे महिन्यात दुपारी किनाऱ्यावर वाळू पायाला चटका देते आणि चार पावलांवर पाणी गार लागतं. ऊन दोघांवर सारखंच पडतं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, तेवढ्याच वाळूला तिच्या सुमारे एक पंचमांश. शिवाय पाणी हलतं, वरची उष्णता खाली जाते. म्हणून दुपारी जमिनीवरची हवा तापून वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री वाळू लवकर निवते, मग जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे. विशिष्ट उष्माधारकतेची व्याख्या लिहिताना ती वाळू आठवा, शब्द आपोआप जागेवर येतील.

बोंबील वाळतात तिथेही थोडं थांबा. बाष्पीभवन चार गोष्टींवर ठरतं: ऊन, वारा, हवेतली आर्द्रता आणि उघडा पृष्ठभाग. मासे एकमेकांवर न रचता सुटे टांगतात ते पृष्ठभागासाठी, आणि उघड्या किनाऱ्यावर टांगतात ते वाऱ्यासाठी. दमट हवा सुटली की ऊन असूनही माल ओला राहतो. दहावीतलं दवबिंदू आणि आर्द्रतेचं प्रकरण कोरडं वाटत असेल, तर मासळी वाळवणाऱ्या एखाद्या मावशींना विचारा. हवेचा अंदाज त्या कुठल्याही यंत्राआधी सांगतात.

सुप्त उष्म्याचा एकच आकडा धरून ठेवा. एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. वाफेचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा जबर असतो तो यामुळे. कुकरचं झाकण काढताना तोंड लांब ठेवा.

४. आधी स्तंभिका, मग किरण

अपवर्तनाची आकृती चुकते ती बहुतेक वेळा घाईने किरण काढल्यामुळे. दोन माध्यमांची सीमा काढा, तिच्यावर लंब म्हणजे स्तंभिका काढा, त्यानंतरच किरण. विरळ माध्यमातून घन माध्यमात जाताना किरण स्तंभिकेकडे वळतो, उलट जाताना तिच्यापासून दूर.

पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, म्हणजे चार तृतीयांश. म्हणून वरून सरळ खाली पाहताना चार मीटर खोल तळ तीनच मीटरवर दिसतो. पोरांनो, हा आकडा परीक्षेपुरता ठेवू नका. विहिरीत, तळ्यात, खडीच्या जुन्या खाणीत पाणी उथळ दिसतं म्हणून कुणी उतरत असेल, तर त्याला अडवा. तळ दिसतो त्याहून खोल असतो.

आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो. हवेचे खालचे थर दाट आणि वरचे विरळ, त्यामुळे क्षितिजाजवळून येणारा किरण सुमारे अर्ध्या अंशाने वाकतो. सूर्यबिंबाची रुंदीही साधारण अर्धा अंशच. म्हणजे बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा खरं बिंब सगळंच्या सगळं क्षितिजाखाली गेलेलं असतं. आपल्या अक्षांशावर बिंब टेकल्यापासून पूर्ण बुडायला दोन मिनिटांहून थोडं जास्त लागतं, घड्याळ लावून बघा. मात्र सूर्य तांबडा आणि मंद झाल्याशिवाय त्याच्याकडे पाहू नका, आणि दुर्बिणीतून तर कधीच नाही.

५. कारखान्यात दाब मोजा

आपल्या पट्ट्यात दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकर आहेत. पोलादासारखा कठीण धातू हाताने कोरला जातो तो कसा? बल तेवढंच ठेवा आणि क्षेत्रफळ कमी करा, दाब वाढतो. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोचं वजन. ते एका चौरस मिलिमीटरच्या टोकावर आलं की दाब होतो १० कोटी पास्कल, हवेच्या दाबाच्या सुमारे हजार पट. हातोडीच्या घावाचं बल क्षणभर याहून कितीतरी जास्त असतं. हे उदाहरण सोडवताना चौरस मिलिमीटरचे चौरस मीटर करायला विसरू नका: दहा लाखांनी भागायचं, हजाराने नाही. गुण जातात ते इथेच.

६. वीज कुठून येते, ते उलट्या बाजूने शोधा

घरातल्या पंख्यापासून सुरुवात करा आणि मागे मागे जा. पंखा, मीटर, रोहित्र, उच्च दाबाची वाहिनी, जनित्र, टर्बाइन, वाफ, उष्णता. इथपर्यंत डहाणूचं औष्णिक केंद्र आणि तारापूरचं अणुवीज केंद्र यांची साखळी एकच आहे. फरक उष्णता कशातून येते एवढ्याचाच: डहाणूला कोळसा जळतो, तारापूरला युरेनियमची अणुकेंद्रकं फुटतात. दहावीच्या पुस्तकात वीजनिर्मितीचे आराखडे येतात, ते वेगवेगळे पाठ न करता ही एक साखळी लिहून फक्त उगमाकडची घरं बदलत जा. जलविद्युतमध्ये वाफेऐवजी पडतं पाणी, पवनऊर्जेत वारा. जनित्र सगळीकडे तेच, फॅरेडेने १८३१ साली दाखवलेल्या तत्त्वावर चालणारं. फक्त सौरघटात ना टर्बाइन ना जनित्र, म्हणून तो वेगळा लक्षात ठेवा.

तारापूरचं केंद्र भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र. त्याचे पहिले दोन संच १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. त्यांची रचना अशी की अणुभट्टीतच पाणी उकळतं आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. नंतरचे दोन संच प्रत्येकी ५४० मेगावॉटचे, २००५ आणि २००६ मध्ये आले. त्यांत जड पाणी अणुभट्टीतली उष्णता बाहेर आणतं आणि ती उष्णता दुसऱ्या भांड्यातल्या साध्या पाण्याची वाफ करते. मुख्य धडा तोच, पण एका वळणाने.

कोळसा आणि युरेनियम यांत फरक किती? कार्बनचा एक अणू जळला तर सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते, युरेनियमचं एक केंद्रक फुटलं तर सुमारे २० कोटी. म्हणजे अणूमागे ५ कोटी पट. जळताना फक्त बाहेरचे इलेक्ट्रॉन जागा बदलतात, फुटतं तेव्हा केंद्रकच बदलतं, हे कारणही सोबत लिहा.

दोन्ही केंद्रं पाण्याच्या कडेलाच का? वाफेच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होतो. उरलेली उष्णता टाकायला आणि वाफेचं पुन्हा पाणी करायला अखंड थंड पाणी लागतं, ते समुद्र पुरवतो. ऊर्जा अक्षय्य आहे, पण सगळी कामाला येत नाही, हे अकरावीच्या उष्मागतिकीचं सार आहे.

शक्ती आणि ऊर्जा यांची गल्लत करू नका. मेगावॉट म्हणजे शक्ती, बिलावरचं युनिट म्हणजे ऊर्जा. एक किलोवॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. ५४० मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला की ५ लाख ४० हजार युनिट. घरातली उपकरणं, त्यांच्यावरचे वॉट आणि रोजचे तास यांचा तक्ता करा, महिन्याचे युनिट काढा आणि आईबाबांच्या बिलाशी ताडा. आणि हो, आपल्या खाऱ्या हवेत अर्थिंगची तार आणि जोड लवकर गंजतात. ते वर्षातून एकदा जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यायला घरी सांगा. स्वतः हात घालू नका.

७. सेकंद मोजायला शिका

एका कारणापासून दोन लहरी वेगवेगळ्या वेगाने निघाल्या, तर त्यांच्या पोचण्यातल्या फरकावरून अंतर निघतं. हे एकदा समजलं की वीज, भूकंप दोन्ही एकाच किल्लीने उघडतात.

वीज चमकते तो प्रकाश लगेच पोचतो, गडगडाट सेकंदाला सुमारे ३४० मीटरने येतो. म्हणून चमक आणि गडगडाट यांतले सेकंद भागिले तीन, इतके किलोमीटर. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. हे सेकंद तीसच्या आत आले की मैदान, किनारा, झाडाचा आडोसा सोडा आणि पक्क्या घरात या.

आता भूकंप. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या परिसरात लहान-लहान भूकंपांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. भूकंपाच्या प्राथमिक लहरी खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटरने येतात, दुय्यम लहरी सुमारे साडेतीनने. हिशेब केलात तर दोहोंच्या फरकातला प्रत्येक सेकंद साधारण ८ किलोमीटर होतो. चिंचणीपासून धुंदलवाडी सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर, म्हणजे इथल्या भूकंपमापकावर तीन-चार सेकंदांचा फरक दिसायला हवा. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. ४ आणि ५ शेजारी दिसतात, पण त्यांत केवढं अंतर आहे बघा. मात्र जमीन हलत असताना मोजत बसायचं नाही. आधी टेबलाखाली, डोकं झाकून. हिशेब नंतर.

मासेमारीच्या बोटींवर मासे आणि तळ दाखवणारं यंत्र असतं, तिथे लहर एकच, पण अंतर सेकंदांवरूनच निघतं. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. प्रतिध्वनी ०.०४ सेकंदांनी परतला तर एकूण अंतर ६० मीटर, खोली मात्र ३०. जाऊन-येऊन असेल तिथे दोनाने भागायचं, हे समासात लाल शाईने लिहून ठेवा.

८. पेपरात आणि पेपरानंतर

उदाहरण सोडवताना क्रम मोडू नका: दिलेलं काय, काढायचं काय, आकृती, सूत्र, एककं एका पद्धतीत, मग आकडे. सूत्रात आकडे घालण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते कडेला पेन्सिलीने लिहा. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर राशी आणि एकक लिहिल्याशिवाय बिंदू मांडू नका. व्याख्या पाठ करायच्याच असतील तर प्रत्येकीसमोर गावातलं एक उदाहरण लिहा. प्रयोगवही शेजाऱ्याची उतरवू नका. तुमचं निरीक्षण वेगळं आलं असेल तर तेच लिहा आणि का वेगळं आलं ते शोधा. चांगला शिक्षक त्याचे गुण कापत नाही.

आणि शेवटचं. धडा कळला की नाही, हे मार्कांवरून उशिरा कळतं. त्याआधी तो घरातल्या कुणाला तरी, धाकट्या बहिणीला नाहीतर आजीला, एकही सूत्र न वापरता सांगा. जिथे अडखळाल तिथे खूण करा, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना तेवढंच विचारा. ‘सर, काहीच कळलं नाही’ असं म्हणणाऱ्याला मदत करणं अवघड असतं. ‘मॅडम, पलीकडच्या बाजूला पाणी का चढतं, इथे अडलंय’ असं विचारणारी मुलगी अर्ध्याहून जास्त शिकलेली असते.